इथं सही करू नये

लखनौला तेलीबागच्या बाजारात माझं चित्रकलेच्या सामानाचं दुकान आहे. पेन्सिली चालवून बघायला काउंटरवर एक कागद दोऱ्यानं बांधून ठेवलेला असतो आणि त्याच्या वर, भिंतीवर, मी स्वतः रंगवलेली पाटी आहे : 'कृपया यहाँ हस्ताक्षर न करें। रेखा खींचिए।' गिऱ्हाईक येतं, पाटी मोठ्यानं वाचतं, "अच्छा" म्हणतं आणि कागदावर झोकात सही करतं. इतकी वर्षं झाली, हा क्रम काही चुकलेला नाही.

सहीवरून मला माणूस ओळखता येऊ लागला. रेल्वेचा साहेब असेल तर दोनच अक्षरं, खाली दोन टिंबं आणि तारीख. पेन्सिल घ्यायची की नाही हे अजून ठरलेलं नसतं, पण मंजुरी देऊन झालेली असते. जमिनीचे व्यवहार करणाऱ्याची सही कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. शिक्षक सही करून शेवटी बरोबरची खूण करतात. कॉलेजातल्या मुली कुणाचं तरी नाव लिहितात आणि आई जवळ आली की त्याचीच पानं-फुलं करतात. त्या तेवढ्या माझ्या पाटीचा मान राखतात असं म्हणायचं.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले, "काकू, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, पण जरा मार्गदर्शनपर होऊ द्या. नवशिक्यानं सामान कसं निवडावं वगैरे." मार्गदर्शन तीन ओळींत संपतं. दोन पेन्सिली, एक खोडरबर, एक ब्लेड, कागद अडकवायला एक चिमट्याची पाटी आणि साधा कागद. बाकी दुकानात जे जे आहे ते मी पोटासाठी ठेवलेलं आहे, तुमच्या कलेसाठी नव्हे.

मी मूळची अमरावतीची. चित्रकला शिक्षिकेची पदविका घेऊन, लग्न करून, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आले. नवरा इंजिनिअर. इथल्या शाळांना माझी पदविका काय आहे तेच कळेना. एका मुख्याध्यापिकेनं तर विचारलं, "इसमें सिलाई भी आती है क्या?" तेव्हा शिकवायचा नाद सोडला आणि दुकान काढलं. शिकवायची खुमखुमी मात्र गेली नाही, ती गिऱ्हाइकांवर भागवते. आता दुकान सून बघते, मी सकाळची बसते. सून म्हणते, "मम्मी, आप बैठती हैं तो बिक्री आधी हो जाती है." निम्मीच होते, खरं आहे ते.

कारण मी आधी विचारते, काढायचं काय आहे? या प्रश्नानं माणसं जितकी गडबडतात तितकी आयकरवाल्यांच्या प्रश्नानंही गडबडत नसतील.

गोमती नगरच्या एक बाई आल्या होत्या. दाराशी गाडी, डोक्यावर गॉगल, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये कुणाच्या तरी व्हिडिओतली यादी. "दीदी, मैं बिगिनर हूँ, प्रोफेशनल सामान दिखाइए." त्यांना पत्र्याच्या डब्यातला पेन्सिलींचा अख्खा संच हवा होता, बॅटरीवर फिरणारा खोडरबर हवा होता, सांधे वाकणारी लाकडी बाहुली हवी होती आणि दोनच बोटांचा एक मोजा हवा होता. मी विचारलं, "क्या बनाएँगी?" त्या म्हणाल्या, "अभी सोचा नहीं है." मी एक पेन्सिल आणि वही पुढे केली, तर त्यांना तो अपमान वाटला. सुनेनं मला चहा करायला आत पाठवलं आणि सगळं बांधून दिलं. काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. पडद्यांच्या रंगाला शोभेल असा ईझल पाहिजे होता, म्हणजे चित्राची तिकाटी. तोही गेला. त्यावर सध्या मनीप्लँटची कुंडी असते, असं त्यांच्याच ड्रायव्हरनं सांगितलं.

दुसरे एका सरकारी कार्यालयातून आले. कर्मचाऱ्यांचा तणाव घालवायला तिथं चित्रकलेचा कोपरा उघडायचा होता. "मैडम, तीन कोटेशन चाहिए." मी म्हटलं, माझं एक देते. ते म्हणाले, "बाकी दो भी आप ही बनवा दीजिए, ज़रा महँगे वाले." नाही म्हटलं, तर त्यांचा तणाव तिथंच वाढला. पुढे त्यांची समिती बसली. पेन्सिल टोक केलेली घ्यावी की बिनटोकाची, यावर चर्चा झाली. टोक केलेली पेन्सिल वापरलेली वस्तू धरली जाईल आणि ऑडिट हरकत घेईल, म्हणून बिनटोकाच्या मागवल्या, त्याही दुसरीकडून. टोक करायचं यंत्र मंजुरीत नव्हतं. तेव्हा आता त्या कोपऱ्यात बिनटोकाच्या पेन्सिली काचेच्या ग्लासात उभ्या आहेत. कर्मचारी तिथं डबा खातात, त्यामुळे तणाव कमी झाला असं ऐकते.

आता थोडं मार्गदर्शन करून टाकते, म्हणजे संपादकांचा रोष नको. पेन्सिलीवर एच असेल तर ती कडक, बी असेल तर मऊ. आकडा जितका मोठा तितका स्वभाव टोकाचा. मधली एचबी म्हणजे सरकारी नोकरीत मुरलेला माणूस, कुणाला दुखवत नाही आणि फारसं काही करतही नाही. सुरुवातीला एक टू बी आणि एक सिक्स बी पुरते. घेताना काउंटरवर लोळवून बघा, सरळ गेली तर लाकूड चांगलं. बुडाकडून बघा, शिसं बरोबर मध्ये पाहिजे. खाली पडलेली पेन्सिल घेऊ नका, ती आतून तुटलेली असते आणि बाहेरून अगदी ठणठणीत दिसते. कागदावर हात फिरवा, किंचित खरखरीत लागला पाहिजे. आणि सरावाला महागाचा कागद कधीही घेऊ नका. महागाच्या कागदासमोर माणूस घाबरतो, तिसऱ्या पानानंतर वही कपाटात ठेवतो आणि आपल्याला वेळ मिळत नाही असं लोकांना सांगतो. लखनौतल्या किती कपाटांत माझ्या कोऱ्या वह्या पडल्या असतील, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

एवढं सगळं सांगितलं ते गजभिये साहेबांपर्यंत यायला.

साहेब भंडाऱ्याकडचे. रेल्वेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि गोमती नगरात फ्लॅट घेऊन राहिले. नवऱ्याच्या ऑफिसात त्यांचा दरारा होता. नकाशावर त्यांची सही झाली म्हणजे काम झालं, असा काळ आम्ही पाहिलेला. ते एका सकाळी वहिनींना घेऊन दुकानात आले आणि पाहणीला आल्यासारखे उभे राहिले. डाव्या हातात काठी, उजवा हात कोटाच्या खिशात. दिवस एप्रिलचे, आणि अंगात कोट.

"ताई, स्केचिंग सुरू करून राहिलो," ते म्हणाले. "सगळे ग्रेड दाखवा. पेपरचं स्पेसिफिकेशन सांगा. आणि तुलनात्मक तक्ता असला तर बरं."

"साहेब, काढायचं काय आहे?"

"ते नंतर पाहू. आधी सामान फायनल होऊ द्या."

मी पेन्सिली मांडल्या. त्यांनी एकेकीचं नाव वाचलं, शिसं कशाचं, लाकूड कुठलं विचारलं. मी चाचणीचा कागद पुढे सरकवला आणि मनात म्हटलं, आता दोन अक्षरं, दोन टिंबं आणि तारीख. साहेबांनी पाटी वाचली. कागदाकडे बघितलं. आणि हात खिशातून काढलाच नाही.

मला इतका आनंद झाला की मी बोलून गेले, "साहेब, माझी पाटी मानणारे तुम्ही पहिले."

काठी टेकत साहेब रंगांच्या कपाटाकडे गेले, तेव्हा वहिनी माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. होळीच्या सुमारास साहेबांना पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणं वाचलं, पाय बराचसा सुधारला, उजवा हात मात्र ऐकत नव्हता. सोसायटीचा चेक बँकेनं सही जुळत नाही म्हणून परत केला. साहेब स्वतः गेले. तिथला अधिकारी अगदी अदबीनं म्हणाला होता, "सर, परेशान मत होइए, अंगूठा लगा दीजिए. दो गवाह हम करवा लेंगे."

"तसेच उठून घरी आले," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवस धड जेवले नाही. मी म्हटलं, अहो, लावून टाका ना अंगठा, त्यात काय. तर माझ्याकडे असे पाहिले का मी काय पाप केलं. आता डॉक्टर म्हणतात रेघा ओढा, हात सुटेल. त्यांना वाटते सामान चांगलं घेतलं का हात चांगला होईल."

मी सामान काढून ठेवलं. एक सिक्स बी, चिमट्याची पाटी आणि छापखान्यात वापरतात तसल्या स्वस्त पिवळट कागदांचा गठ्ठा. साहेब आले, बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"एवढंच?"

"एवढंच. ही चांगली मऊ पेन्सिल आहे साहेब, दाबावी लागत नाही. नुसती टेकवली तरी काळं उमटतं."

"आणि खोडरबर?"

"खोडरबर नाही देणार."

"अहो ताई, चूक झाली तर?"

"तर दुसरी रेघ ओढायची."

दुरुस्तीशिवाय फाइल पुढे जाते, ही कल्पना त्यांना काही पटेना. ते वळले, वहिनींना म्हणाले, "ह्यांच्याकडे माल कमी आहे," आणि गेले. त्याच दिवशी ड्रायव्हर पाठवून दुसऱ्या दुकानातून त्यांनी तो पत्र्याच्या डब्यातला संच मागवला, गोमती नगरच्या बाईंनी नेला होता तसला. आठवडाभरानं डबा घेऊन परत आले.

"ह्या पेन्सिली चालून नाही राहिल्या," ते म्हणाले. तक्रार नोंदवल्यासारखं म्हणाले, पण आवाज खाली आलेला होता.

मी डबा उघडला. बहुतेक सगळ्या कडक. ज्या हाताला नीट दाबताच येत नाही, त्यानं कडक पेन्सिलीनं ओढलेली रेघ दिसणारच कशी? साहेबांना वाटलं होतं हात अजून मेलेलाच आहे. मी जुन्या सुती साडीची पट्टी फाडून सिक्स बीला गुंडाळली, धरायला जाड व्हावी म्हणून. मग त्यांना स्टुलावर बसवलं. हात त्यांनी प्रथमच खिशातून काढला. वहिनींनी पेन्सिल बोटांत बसवून दिली. साहेबांनी रेघ ओढली. ती कशी गेली ते सांगत नाही, पण काळीभोर उमटली. साहेब तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

तिथून आमची शाळा सुरू झाली. दर मंगळवारी सकाळी साहेब येत. नियम एकच, सही करायची नाही. उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल. गोल जमेना म्हणून मी दुकानातला पितळी पेला समोर ठेवला. पेल्याचं तोंड म्हणजे दबलेला गोल, दोन बाजू म्हणजे उभ्या रेघा, खाली बूड. हाताला सगळे व्यायाम एका पेल्यात मिळतात, वर पाणीही पिता येतं.

साहेब विद्यार्थी म्हणून वाईट होते. त्यांना गृहपाठ मान्य नव्हता, परीक्षा कधी एवढंच हवं होतं. घरी रेघांऐवजी चोरून सह्या करायचे आणि वहिनी चहाडी करायच्या. "ताई, कालचा अख्खा गठ्ठा सह्यांनी भरवला. एकही सही दुसरीसारखी नाही."

मी रागावले. "साहेब, सही पाठ असते म्हणून हात घाई करतो. पेला पाठ नाही, तिथं हात बघून चालतो. पेला काढा."

"ताई, मला आर्टिस्ट नाही व्हायचं." साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "नोव्हेंबरच्या आत सही पाहिजे. बस."

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात बँकेत आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. आजवर शाखेतला ओळखीचा अधिकारी फॉर्म घरी पाठवायचा आणि साहेब सही करून परत द्यायचे. तो अधिकारी बदलून गेला होता.

"आणि समजा नोव्हेंबरपर्यंत नाही जमली," मी म्हटलं, "तर एक वेळ अंगठा लावला म्हणून काय बिघडतं साहेब?"

वहिनी माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होत्या, पण उशीर झाला होता. साहेब चिडले मात्र नाहीत.

"माझा बाप पाटलाच्या वावरात राबला," ते म्हणाले. "जिथं तिथं अंगठा लाव म्हणायचे, तो लावायचा. कागदात काय लिहून आहे ते कोण सांगते? घरी आला का अंगठ्याची शाई धोतराला पुसायचा. धोतराला तिथं निळा डाग पडून गेला होता, धुऊन जायचा नाही. मला शाळेत टाकलं तेव्हा मास्तरांना म्हणाला, गुरुजी, याच्या अंगठ्याला शाई लागू देऊ नका, बस, बाकी काही नको. मी साहेब झालो, क्वार्टर भेटलं, गाडी भेटली, बापाला त्याचं काही नाही. मला म्हणायचा, सही करून दाखव. पाहुणा आला का, सही करून दाखव. विहारात नेलं तर तिथंही, देणगीच्या पावतीवर सही कर. वाचता येत नव्हतं त्याला. पाहत राहायचा."

आपण काय बोललो असं वाटलं. मी पेला पुसला, पुन्हा समोर ठेवला आणि म्हटलं, "काढा साहेब."

त्यानंतर त्यांनी गृहपाठ केला. पावसाळाभर केला. सप्टेंबरात पेला ओळखू यायला लागला आणि साहेबांना नवीच खोड लागली. सिक्स बीच्या काळ्या रेघेवर अंगठा घासला की छाया पसरते, पेला गोल दिसायला लागतो, हे त्यांना सापडलं. झालं. सगळी छाया अंगठ्यानं.

"अंगठ्यानं घासू नका," मी सांगत राहिले. "कातडीचं तेल कागदाला लागतं, डाग पडतात. त्यासाठी ही कागदाची गुंडाळी मिळते, ही घ्या." गुंडाळीला टोक असतं, तिनं छाया नीट पसरते, हात स्वच्छ राहतो. साहेबांनी ती उलटसुलट बघितली आणि परत दिली. एरवी दुकानातलं सगळं हवं असणारा माणूस, तेवढी एक वस्तू घेईना. वहिनींच्या घरात टॉवेलला, दिव्यांच्या बटनांना, फ्रीजच्या दाराला काळे ठसे. त्या म्हणाल्या, "सासऱ्यांचा एक धोतराला डाग होता. ह्यांचे अख्ख्या घरभर."

"ती शाई होती," साहेब म्हणाले. "हे ग्रॅफाइट आहे."

नोव्हेंबर आला. पेन्सिलीची पट्टी आता पेनला गुंडाळली होती. सही अजून हलायची, पण एकीसारखी दुसरी यायला लागली होती. बँकेत जायच्या दिवशी वहिनींचा फोन आला. "ताई, तुम्हीही चला. तुम्ही असल्या का त्यांना धीर असतो." मी ई-रिक्षा केली, ती चौकात बदलली आणि गोमती नगरात पोहोचले. साहेब इस्त्रीच्या कोटात, दाढी गुळगुळीत. हात मोकळा व्हावा म्हणून सकाळी उठून पेला काढूनच निघाले होते.

बँकेत पेन्शनवाल्यांची रांग होती. टेबलावर एक तरुण मुलगी, तिच्यासमोर एक छोटंसं यंत्र, त्यातून लाल उजेड येत होता. आमच्यापुढे एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांच्यापुढे डॉक्टर. एकेकजण पुढे होत होता आणि यंत्रावर अंगठा ठेवत होता.

साहेबांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "हे काय करून राहिले?"

मी पुढे जाऊन मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आंटी, फॉर्म अब कौन भरता है? सबका अंगूठा लगता है. दो सेकंड का काम है."

मला हसावं की रडावं कळेना. एका बापानं पोटाला चिमटा घेऊन पोराला शिकवलं, पोरगा शिकून साहेब झाला, सहा महिने पेला काढून मेलेल्या हातातून सही परत आणली, आणि सरकारनं प्राध्यापक, डॉक्टर, साहेब सगळ्यांना एका रांगेत उभं करून अंगठे मागितले. यालाच प्रगती म्हणतात, आणि ती दोन सेकंदांत होते. प्राध्यापकांनी अंगठा ठेवला, मुलगी "हो गया सर" म्हणाली, आणि ते आनंदानं घरी गेले.

साहेबांचा नंबर आला. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. वहिनी कानाशी म्हणाल्या, "ही शाई नाही हो. नुसती काच आहे." साहेबांनी हात पुढे केला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी मनातल्या मनात बापाची माफी मागितली असावी. अंगठा काचेवर टेकला.

यंत्र टीं करून ओरडलं.

"फिर से लगाइए अंकल. हल्का सा दबाइए."

पुन्हा टीं. मुलीनं अंगठा जवळ घेऊन बघितला. रेषा कुठं आणि काळं कुठं, काही समजत नव्हतं, पाटीसारखा चकचकीत होता. "ये क्या लगा है अंकल?"

"सिक्स बी," साहेब म्हणाले.

"जी?"

तर्जनी झाली. मग डावा हात झाला. डाव्या हातानं साहेब कागद धरत, तोही तसाच. वहिनींनी पदराचं टोक ओलं करून पुढे केलं, तर साहेबांनी हात मागे घेतला. मागे रांग कुरकुरायला लागली. मुलगी म्हणाली, "अंकल, पीछे वॉशरूम है, साबुन से धो आइए."

साहेब काठी टेकत गेले. बराच वेळ लागला. परत आले, हात पुढे केला. अंगठा होता तसा काळा.

"पानी नहीं है," साहेब म्हणाले. नकाशा नामंजूर करताना हाच आवाज असणार.

यंत्र आणखी एकदा ओरडलं. मुलीनं रांगेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि खणातून एक कागदी फॉर्म काढला. "ठीक है. नहीं ले रहा अंगूठा. आप तो साइन कर लेते हैं न अंकल?"

मी पर्समधून पट्टीचं पेन काढून दिलं. साहेब बसले, कोटाची बाही मागे सारली. पहिला मोठा गोल आला, पेल्याच्या तोंडासारखा. उभ्या रेघा आल्या. खाली आडवी रेघ ओढताना हात थरथरला, थांबला, आणि पुढे गेला. मुलीनं कॉम्प्युटरवर जुनी सही काढली. पडद्याकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं, परत पडद्याकडे. वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

"मिल रहा है," मुलगी म्हणाली. "थोड़ा टेढ़ा है, पर आप ही का है."

साहेबांनी मान डोलावली आणि सहीखाली तारीख घातली. साहेब फॉर्म देईनात. दोन्ही हातांनी धरून, जरा लांब करून बघत राहिले. मुलीला तो हळूच ओढून घ्यावा लागला.

निघताना वहिनी म्हणाल्या, थांबा, ह्यांच्या हाताचं माझ्याही हाताला लागलं, कुठं मिळते का पाणी पाहते. त्या मागे गेल्या आणि लगेच आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, पदर भिजलेला.

"अहो, नळ तर भरून वाहून राहिला," त्या म्हणाल्या. "साबण बी आहे."

साहेब बँकेच्या भिंतीवरची व्याजाच्या दरांची पाटी वाचत होते. फार लक्ष देऊन वाचत होते.

त्याला आता वर्ष होत आलं. परवा, हे लिहायला बसले होते तेव्हा, साहेब दुकानात आले. काठी नव्हती. सुनेनं चाचणीचा कागद पुढे केला, तर त्यावर त्यांनी पेल्याचं तोंड काढलं, बाजू काढल्या आणि अंगठ्यानं छाया घासली. माझी पाटी खरोखर मानणारे ते अजूनही एकटेच. मी सवयीनं कागदाची गुंडाळी काढून पेन्सिलीशेजारी ठेवली. साहेबांनी ती एका बोटानं माझ्याकडे परत सरकवली.

"एक सिक्स बीच द्या ताई," ते म्हणाले. "नोव्हेंबर येऊन राहिला."